अगं ए, ढीग साचलाय!

कडककाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. इस्त्रीचं दुकान. कॉलर कडक, बोलणं त्याहून कडक, म्हणून कडककाका. गिऱ्हाईकानं दारात उभं राहून "झाले का हो कपडे?" म्हणायचा अवकाश, काका वर न बघता विचारायचे, "झाले असते तर इथे कशाला पडले असते?" एवढं ऐकूनही गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे. काकांच्या हाताखालून गेलेल्या शर्टावर सुरकुती शोधायची तर भिंग घेऊन बसावं लागलं असतं.

पण शर्ट नुसता सपाट झाला म्हणजे काम संपत नाही. त्याची घडी पडावी लागते. आणि घडी काकूंची. मोठ्या टेबलाच्या अलीकडे काका, पलीकडे काकू. काकांनी इस्त्री फिरवून गरम शर्ट पलीकडे सरकवायचा. काकूंनी डाव्या हातानं कॉलर दाबून धरायची, उजव्यानं बाह्या मागे वळवायच्या, पुठ्ठा आत सरकवून वर दोन वळणं दिली की शर्ट ढिगावर. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. दोघांचे हात एकमेकांना न विचारता चालायचे. तोंडं मात्र कितीही सांगितलं तरी थांबायची नाहीत.

दुकानामागेच घर. काकू मधूनच स्वयंपाकाला आत गेल्या की दुकानातून हाक यायची. हाक कसली, डरकाळीच ती. "अगं ए! कुठे आहेस? ये की इकडे, ढीग साचलाय!" आतून तितक्याच ठसक्यात उत्तर यायचं, "आले! ओरडू नका, बहिरी नाही मी!" समोरचा औषधवाला म्हणायचा, तुमचा आवाज आला नाही तर मला वाटतं आज सुट्टी आहे आणि मी उगाच दुकान उघडलंय.

मग एका सकाळी उत्तर आलं नाही.

काकांनी पुन्हा हाक मारली. तरी नाही. तिसरी हाक चांगली चिडून मारली, "झोपलीस की काय तिथे?" आणि इस्त्री उभी करून तरातरा आत गेले. काकू ओट्याजवळ जमिनीवर पडल्या होत्या. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या काकांकडे बघत होत्या, बोलू बघत होत्या, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

ते सगळं इथे उगाळत बसत नाही. औषधवाला धावला, त्याच्याच गाडीतून हॉस्पिटल गाठलं, आणि काकू वाचल्या. वेळेत आणलंत म्हणून वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू बोलणं परत आलं. पाय जरा ओढत का होईना, चालणंही आलं. राहिला तो डावा हात. डॉक्टरांनी घरी सोडताना काकांना समोर बसवून सांगितलं, "हाताकडून काम करून घ्या. सुरुवातीचे हे महिने फार मोलाचे असतात. आत्ता हात वापरात आला तर आला, नाहीतर जसा आहे तसाच राहील. आणि त्यांना जपा." काकांनी मान डोलावली. ऐकलं सगळं, पण डोक्यात बसलं ते शेवटचं वाक्य. माणूस घाबरलेला असला की त्याला नेमकं सोयीचं तेवढंच आठवतं, त्यात काकांचा वेगळा दोष असा काही नाही.

घरी आल्यापासून काका बदलले. इतके की काकूंना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. "पाणी देऊ का गं?" असा मऊ आवाज कानावर आला की त्या मागे वळून बघायच्या, आणखी कुणी आलंय का म्हणून. काकांनी त्यांना काडी हलवू द्यायची नाही असं ठरवूनच टाकलं होतं. पेला तोंडाशी धरायचा, बटणं लावायची, वेणी घालायची. ती वेणी अशी पडायची की काकूंनी आरशात बघणंच सोडून दिलं. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू सकाळ-संध्याकाळ काकूंच्या डाव्या हातात द्यायचा, थोडा वेळ दाबून घ्यायचा आणि लगेच काढून घ्यायचा. झालं हाताचं काम. दुकानात तर पाऊलही टाकायचं नाही. "तू बस. आराम कर. घड्यांचं काय, मी घालतो." ओरडणं बंद म्हणजे अगदी बंद. ती तिसरी हाक काकांच्या घशात अडकून बसली होती. बायको जमिनीवर पडलेली असताना आपण तिच्यावर खेकसत होतो, हे आठवलं की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

आणि रोज सकाळी जाग आली की काका आधी बाजूला बघायचे. पांघरूण वर-खाली होतंय ना? होतंय. मग छताकडे बघून हळूच म्हणायचे, "बरं झालं." नेमके कुणाचे आभार मानायचे ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून छताचे मानायचे. बायकोचे मानावेत हे तर डोक्यातही आलं नाही. घरच्या माणसाला कुणी धन्यवाद म्हणतं का? लोक हसतील.

योगाच्या वर्गाचं डॉक्टरांनीच सुचवलं. आजारातून उठलेल्यांसाठी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. काकूंना एकटं पाठवायचं कसं, म्हणून काकाही नाव घालून आले. शिकवणाऱ्या बाई आधी पोहायला शिकवायच्या, त्यामुळे "श्वास शांतपणे सोडा" हेसुद्धा त्या तलावाच्या पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. काकांना बाई पहिल्या दिवसापासून आवडल्या. आपल्या जातकुळीचं माणूस दिसलं की बरं वाटतं.

तास सुरू होण्याआधी बाई सगळ्यांना डोळे मिटायला लावत. "आता एक संकल्प मनात धरा. एकच वाक्य. स्वतःबद्दल. दुसऱ्यानं काय करावं ते नाही, मी काय करीन ते. हा संकल्प इथून जाताना चपलांबरोबर विसरून जायचा नाही. घरी, कामावर, रस्त्यावर, काहीही करण्याआधी एक श्वास थांबायचं, तो आठवायचा आणि मग हात घालायचा. पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचा नाही. पूर्ण झाला की सांगायचा, आणि ज्यांच्यामुळे झाला त्यांचे आभार मानायचे."

पहिल्या दिवशी काकांचा संकल्प होता, हा तास लवकर संपो. तो पूर्ण झाला, पण सांगण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र डोळे मिटल्या मिटल्या वाक्य सापडलं. 'मी हिला कसलाही त्रास पडू देणार नाही.' वाक्य स्वतःबद्दल होतं, चांगलं होतं, आणि काकांना इतकं पटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारी काकू डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी काय धरलं असेल? काकांनी किलकिल्या डोळ्यांनी बघितलं. काकूंच्या चेहऱ्यावरून काही कळेना. लग्नानंतर इतक्या वर्षांत बायको मनात काय धरून बसलीय हे काकांना कधी कळलं होतं, म्हणून आता कळावं?

काकांनी एकदा मनावर घेतलं की घेतलंच. एक श्वास थांबायचं म्हणजे थांबायचं. दुसऱ्याच दिवशी दुकानात त्यांनी स्वतःचा निळा शर्ट इस्त्रीला घेतला, वर्गाला घालायला म्हणून. इस्त्री पाठीवर टेकवली, आठवण झाली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला, संकल्प आठवला, सावकाश सोडला. मनाला फार शांत वाटलं. मग वास आला. डोळे उघडेपर्यंत शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा अख्खा उमटला होता, टोकासकट. इतक्या वर्षांत काकांच्या हातून कपडा जळला नव्हता. आता योग करताना जळला. आतून काकू आल्या, शर्ट बघितला, आणि हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदाच पोट धरून हसल्या. "अहो, श्वास घेताना इस्त्री उचलून ठेवायची असते, हे बाईंनी सांगायला हवं होतं का?"

"टाकून दे तो," काका ओशाळून म्हणाले.

"टाकते," काकू म्हणाल्या आणि शर्ट आत घेऊन गेल्या. काकांच्या दृष्टीनं शर्टाचं प्रकरण तिथेच मिटलं.

एके दिवशी बाईंनी तास संपल्यावर एक किस्सा सांगितला. तलावावर म्हणे एक जोडपं यायचं. बाईसाहेब शिकायला आलेल्या, आणि साहेब त्यांच्या पोटाखाली हात धरून बरोबर चालायचे. "सोडा हो," म्हटलं तर म्हणायचे, "बुडेल ती." सगळा उन्हाळा हात धरून चालले. बाईसाहेबांना पोहायला आलं नाही ते नाहीच, साहेबांचे मात्र दंड चांगले भरले. वर्गात खसखस पिकली. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? आपले कडककाका. "काय एकेक माणसं असतात!" ते काकूंना म्हणाले, आणि खाली बसून त्यांच्या चपलेचा पट्टा लावायला लागले. काकू वरून त्यांच्या टकलाकडे बघत राहिल्या.

इकडे दुकानात घड्यांचा सत्यानाश चालला होता. काकांना इस्त्री यायची, घडी यायची नाही. कॉलर एकीकडे, बाही दुसरीकडे. संगीतशाळेच्या मास्तरीणबाई जुन्या गिऱ्हाईक, त्या एकदा शर्ट उलटासुलटा करत म्हणाल्या, "कडककाका, राग मानू नका, पण घडी पूर्वीसारखी पडत नाही हो." काकांनी राग मानला. पण त्या गेल्यावर पलीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून बराच वेळ उभे राहिले.

हाताचं काही खरं नव्हतं. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी काकूंच्या डाव्या हाताची बोटं एकेक वाकवून बघितली. "थोडी हालचाल दिसतेय. पण याहून जास्त हवी होती. घरी काय काय करतात या हातानं?" काकूंनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "काही करू देत नाही मी, डॉक्टर. पूर्ण जपतो." आणि चेहरा असा, की आता शाबासकी मिळणार. डॉक्टरांनी काकूंचा हात हळूच खाली ठेवला. "वेळ थोडा आहे, काका," एवढंच म्हणाले. काकांना वाटलं, त्यांना पुढचा पेशंट घ्यायचाय.

आता त्या दिवसाचं सांगतो.

वर्गाला जाताना काकू सगळं काकांना करू द्यायच्या, एक सोडून. त्यांची योगाची चटई त्या स्वतः न्यायच्या. गुंडाळी उजव्या काखेत घट्ट. काकांनी हात पुढे केला की फणकारायच्या, "तेवढी राहू द्या मला." त्या दिवशी वाचनालयाच्या जिन्यावर औषधवाल्याची बायको भेटली. काकू बोलत उभ्या राहिल्या, आणि बोलण्याच्या भरात चटई त्यांनी कठड्याला टेकवून ठेवली. काकांना आयती संधी मिळाली. उचलली आणि वर जाऊन खिडकीजवळची चांगली जागा पकडली. आता हिची चटई पसरून ठेवू, आल्या आल्या बसेल, या विचारानं एक श्वास थांबले, संकल्प आठवला आणि गुंडाळी सोडली.

आतून निळा शर्ट पडला. पाठीवर तपकिरी ठसा असलेला.

काकांना आधी वाटलं, हिनं पुसायला ठेवला असेल. मग त्यांनी तो उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला, कारण कपडा हातात आला की उजेडात धरायचाच, ती त्यांची सवयच. आणि ते तसेच उभे राहिले.

शर्टभर घड्यांच्या खुणा होत्या. एकीवर एक, कितीतरी. कपडा कसा वागवला गेलाय हे काकांना कुणी सांगावं लागत नसे. बसून आलेला, कोंबून ठेवलेला, लहान मुलानं ओढलेला, त्यांना बघून कळायचं. हा शर्ट कुणीतरी पुन्हा पुन्हा घडी घालून मोडला होता. उजवीकडच्या रेषा धारदार, सरळ, एकाच जागी बसलेल्या. त्या रेषा काका झोपेतही ओळखतील. डावीकडच्या मात्र कुठेही गेलेल्या. काही अर्ध्यातच सुटलेल्या, काही कॉलरपासून वीतभर खाली घसरलेल्या. पण वरवरच्या, ताज्या रेषा कॉलरच्या जवळ येत चालल्या होत्या. सगळ्यांत नवी होती ती तर जवळजवळ जागेवर होती.

म्हणजे मी दुपारी कपडे पोचवायला बाहेर पडलो की ही हे करते. दार लावून. आणि मी यायच्या आत चटईत गुंडाळून ठेवते. कुणापासून लपवून? दुसरं कोण आहे घरात?

काकांनी शर्ट खाली घेतला. पोटाखाली हात धरून चालणारा तो साहेब त्यांना आठवला, आणि आपण किती मोठ्यानं हसलो होतो तेही. डॉक्टरांचं "वेळ थोडा आहे" आत्ता कुठे नीट कानात शिरलं. सुरकुती दिसली की इस्त्री फिरवायची, हे आयुष्यभराचं काम. तेच मी हिच्यावर केलं. ती कुठे वळायला बघतेय, की लगेच वरून गरम इस्त्री.

जिन्यावर काकूंचा ओढता पाय वाजला. काकांनी शर्ट होता तसा आत ठेवला, चटई गुंडाळली आणि भिंतीला टेकवून आपल्या जागी येऊन बसले. काकू आल्या, चटईकडे बघितलं, मग काकांकडे. "तुम्ही का आणलीत?"

"वाटेत पाय लागला असता कुणाचा," काका म्हणाले. "पसर तू. मी नाही हात लावला." पहिलं वाक्य निम्मं खरं होतं, शेवटचं साफ खोटं. पण अशा वेळी थोडं चालवून घ्यावं.

काकू चटई पसरायला वाकल्या. पाठ काकांकडे केली, शर्ट हळूच पिशवीत सारला. मग एका हातानं ओढ, गुडघ्यानं दाब, डाव्या हाताचा तळवा कसाबसा कोपऱ्यावर टेकव, असं चाललं. काकांचे हात शिवशिवायला लागले. त्यांनी ते मांड्यांखाली घातले आणि वर बसले. चटई वाकडी पसरली. पण पसरली.

"डोळे मिटा," बाई गरजल्या. "संकल्प धरा."

काकांनी डोळे मिटले आणि जुना संकल्प सोडून दिला. नवा सुचेना. नुसतं एवढंच येत राहिलं की ही आहे. शेजारी श्वास घेतेय. वाचली, बोलायला लागली, आणि माझ्यासारख्या माणसाला न दुखवता चोरून घड्या घालत बसलीय. इतके दिवस छताला काय बरं झालं, बरं झालं म्हणत होतो! ज्या माणसाला म्हणायचं ते हातभर अंतरावर होतं. काकांच्या गालावरून पाणी ओघळलं, पण हात मांड्यांखाली असल्यामुळे पुसता येईना. शेवटी वाक्य आलं. 'मी हात आवरीन, आणि मला जे जमत नाही ते तिच्याकडे मागीन.'

हात आवरणं किती कठीण असतं ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. सकाळी काकू बटण लावायला लागल्या की काका खिडकीतून रस्ता बघायचे. बटण काजात शिरायचं, निसटायचं, पुन्हा शिरायचं. तोवर चहा गार. काका दात आवळून गार चहा प्यायचे आणि म्हणायचे, "छान झालाय." पेला एकदा हातातून सुटला, फुटला. काका केरसुणी आणायला उठले, अर्ध्या वाटेत थांबले, परत येऊन बसले. काकूंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "अहो, तुम्हाला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?" काका म्हणाले. फार दिवसांनी असं काहीतरी त्यांच्या तोंडून आलं. काकूंच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

पण दुसरी अर्धी बाजू राहिली होती. मागायचं. रोज सकाळी काका दुकानातल्या त्या रिकाम्या बाजूकडे बघायचे, आतल्या दाराकडे बघायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. जवळ जाऊन मऊ आवाजात "येतेस का जरा?" म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं वाटायचं. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून केल्यासारखं. तिला लगेच कळलं असतं. आणि पूर्वीसारखी हाक मारायची, तर त्या हाकेला एकदा उत्तर आलं नव्हतं. पुन्हा आलं नाही तर? इस्त्रीच्या चटक्याला न भिणारा माणूस स्वतःच्या घरातल्या दाराला भीत होता.

मग मास्तरीणबाई आल्या. संगीतशाळेचा कार्यक्रम त्याच संध्याकाळचा, सगळ्या गाणाऱ्यांचे पांढरे शर्ट दोन गाठोड्यांत. "काका, आजच हवेत. आणि घडी..." त्या पुढचं बोलल्या नाहीत. काका कामाला लागले. इस्त्री झराझर फिरायला लागली, शर्ट पलीकडे सरकायला लागले, आणि पलीकडे कुणी नसल्यामुळे एकावर एक पडायला लागले. काका इस्त्री ठेवून पलीकडे जायचे, दोन शर्ट वाकडेतिकडे दुमडायचे, परत इकडे यायचे. तेवढ्यात इस्त्री निवायची, नाहीतर फार तापायची. ढीग वाढत गेला, कलला, आणि वरचे शर्ट घसरत घसरत थेट जमिनीवर गेले. पांढरेशुभ्र, गरमागरम, नुकते इस्त्री केलेले.

काकांनी एक श्वास घेतला. या वेळी इस्त्री उचलून उभी ठेवली होती. संकल्प आठवायचा होता, पण त्याच्या आधीच पोटातून जे यायचं ते आलं.

"अगं ए! कुठे आहेस? ये की इकडे, ढीग साचलाय!"

समोरच्या औषधवाल्याच्या हातातली बाटली तशीच राहिली.

आत सगळं शांत. काकांनी टेबलाची कड धरली. पुन्हा हाक मारायची त्यांच्यात ताकद नव्हती, आणि आत जाऊन बघायची त्याहून नव्हती.

"आले!" आतून आवाज आला. थोडा जड, थोडा ओढलेला, पण ठसका तोच. "ओरडू नका, बहिरी नाही मी!"

काकू दारात आल्या तेव्हा काका टेबलाला धरून उभे होते, तोंड पांढरं पडलेलं. काकूंनी खाली पडलेले शर्ट बघितले, वाकडेतिकडे दुमडलेले बघितले, आणि कपाळाला हात लावला. डावा. लावताना तो जरा चुकला, भुवईवर पडला, पण डावाच. "हे काय करून ठेवलंत हो? याला घडी म्हणतात?"

"मला नाही जमत," काका म्हणाले. "कधीच जमत नव्हतं. तू घाल."

काकू आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी एक शर्ट सरकवला आणि इस्त्री सोडून दोन्ही हात पाठीमागे बांधले. काकूंचा डावा हात उचलला गेला, सावकाश पुढे आला, कॉलरवर टेकला. बोटं पूर्ण पसरत नव्हती. उजव्या हातानं बाही वळवली तशी कॉलर डाव्या हाताखालून निसटली. काकूंनी परत धरली. परत निसटली. काकांच्या पाठीमागे एका हातानं दुसऱ्याचं मनगट असं आवळलं होतं की वळ उठले. तिसऱ्या खेपेला कॉलर राहिली. एक वळण, दुसरं वळण, पुठ्ठा. शर्ट डावीकडे जरासा कलला होता. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी तो उलगडला आणि पुन्हा घातला. काकांनी श्वास रोखून धरला होता, तो आता सोडला.

"बरं झालं," ते म्हणाले. छताकडे न बघता, सरळ समोर. "बरं झालं तू आहेस. नसतीस तर माझं काय झालं असतं मला ठाऊक नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं. तूच ते... तुझे आभार मानतो मी."

काकूंनी मान वर केली. आभार! नवऱ्याच्या तोंडून! त्या हसतील असं काकांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"माझा संकल्प पूर्ण झाला," त्या म्हणाल्या. "आता सांगायला हरकत नाही."

काकांना वाटलं, आता त्या हाताचं सांगतील. निळ्या शर्टाचं, दुपारच्या घड्यांचं. ते सगळं मला माहीत आहे असं म्हणायच्या तयारीत ते उभे राहिले.

"हाताचं मी माझं बघून घेत होते," काकू म्हणाल्या. "ते होईल, न होईल. पण संकल्प वेगळा होता. त्या दिवशी इथून तुमची हाक ऐकू येत होती मला. तिन्ही वेळा. उत्तर द्यायचं होतं, आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. तेव्हापासून तुम्ही हाकच मारली नाही. पहिल्या दिवशी बाईंनी डोळे मिटायला लावले तेव्हाच मी धरलं, त्या हाकेला उत्तर द्यायचंच. रोज तेच धरत होते."

काका टेबलावर वाकले, कोपरं टेकवली, आणि त्या पांढऱ्या शर्टांवर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपटप पडायला लागलं. काकूंनी त्यांना थोडा वेळ रडू दिलं. मग समोरचा शर्ट डाव्या हातानं हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "कपडे भिजवताय तुम्ही. पुन्हा इस्त्री करावी लागेल."